जन्मताच छातीवर ठेवणं आणि कांगारू मदर केअर: फरक कुठे आहे?

दोन्हींत बाळ आईच्या उघड्या छातीवर असतं, म्हणून गल्लत होते. पहिल्या पद्धतीत पूर्ण दिवसांचं, नीट रडलेलं बाळ कोरडं करून आईच्या छातीवर पालथं ठेवतात आणि निदान तासभर, पहिल्यांदा अंगावर पिईपर्यंत, तिथेच राहू देतात. वजन-बिजन नंतर.

कांगारू मदर केअर हा मात्र उपचार आहे आणि त्याला डोस आहे. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे ८ ते २४ तास, तेही जन्मानंतर लगेच सुरू करून, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. आधी बाळ स्थिर होईपर्यंत थांबायची पद्धत होती. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर चाचणी झाली. थांबलेल्या गटात २८ दिवसांत १५.७ टक्के बाळं दगावली, लगेच सुरू केलेल्या गटात १२ टक्के. तिथे आईची खाट अतिदक्षता विभागातच होती, आणि खरी मेख तीच आहे. आई तिसऱ्या मजल्यावर आणि बाळ तळमजल्यावर असेल, तर आठ तास भरणार कसे? त्यात सिझेरियनचे टाके, पाठ टेकायला खुर्ची नाही, आडोसा नाही, भेटीची वेळ ठरलेली. मग वीस मिनिटं बाळ छातीशी धरून ‘कांगारू झालं’ अशी नोंद होते. याने फारसं साधत नाही: उचलण्या-ठेवण्यातच नाजूक बाळ दमतं. एकदा घेतलं की तासाभराच्या आत खाली ठेवू नये.

बसवण्याची रीतही वेगळी. टोपरं, मोजे, लंगोट एवढंच घालून बाळ स्तनांच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर. बाळाला छातीशी बांधायच्या कापडाची वरची कड त्याच्या कानाच्या जरा खाली यावी. कापड सैल पडलं की बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासमार्ग दबतो आणि श्वास थांबू शकतो. म्हणून नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे.

सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा देणारं यंत्र) किंवा दुधाची नळी असली तरी कांगारू देता येतं. मात्र उचलताना दोघं हवेत: एकाने बाळ धरायचं, दुसऱ्याने नळ्या. व्हेंटिलेटरवरच्या किंवा शॉकमधल्या (रक्ताभिसरण कोलमडलेल्या) बाळाला लगेच सुरू करत नाहीत. आई थकली तर वडील, आजी, मावशी कुणीही बसू शकतं.