दलदल, रांग आणि न बांधलेले डिस्ने वर्ल्ड

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या उद्यानात पीपलमूव्हर नावाची एक संथ गाडी आहे. खांबांवर उचललेल्या मार्गावरून ती फिरते, मध्येच एका अंधाऱ्या बोगद्यात शिरते आणि काही क्षण काचेपलीकडे एक छोटे शहर दिसू लागते. मधोमध उंच इमारतींचा पुंजका, भोवती हिरवळ, चिमुकल्या खिडक्यांत लागलेले दिवे. हे शहर कधीच बांधले गेले नाही. १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी ज्या एपकॉट शहराची योजना मांडली, त्याच्या प्रचंड प्रतिकृतीचा हा उरलेला तुकडा आहे. गंमत अशी, की तो ज्या गाडीतून पाहायचा ती गाडी त्याच शहराच्या अंतर्गत वाहतुकीसाठी योजलेली होती. शहर कागदावर राहिले, गाडी मात्र १९७५ पासून धावते आहे.

या गाडीच्या डब्यात इंजिन नाही. मार्गात ठरावीक अंतरांवर विद्युत वेटोळी बसवलेली आहेत आणि डब्याच्या तळाशी धातूची पट्टी आहे. वेटोळ्यांत बदलता विद्युतप्रवाह सोडला की पुढे सरकणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते पट्टीत प्रवाह निर्माण करते आणि त्या दोहोंच्या परस्परक्रियेतून डबा पुढे रेटला जातो. नेहमीची गोल मोटर एका बाजूने चिरून सपाट अंथरावी, तसा हा प्रकार असल्याने तिला रेषीय मोटर म्हणतात. याच तंत्राची गाडी १९८१ मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावरही बसवण्यात आली. मोठी योजना बारगळते आणि तिचा एखादा अवयव दुसरीकडे जगत राहतो, ही डिस्ने वर्ल्डच्या इतिहासात वारंवार दिसणारी गोष्ट आहे.

न झालेल्या योजनांची चर्चा करताना बहुतेक चाहते पैशांची चणचण, संचालकांची अनास्था किंवा प्रायोजकांची माघार यांना दोष देतात. या कारणांत तथ्य आहेच. परंतु नकाशा आणि भूगर्भ शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर काय बांधायचे आणि काय नाही हे ठरवण्यात पाणी, माती आणि रांगेचे गणित यांचा वाटा वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा दिसतो.

१९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत कंपनीने नाव गुप्त ठेवून ऑर्लँडोजवळ सत्तावीस हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेतली. हे क्षेत्र सुमारे ११० चौरस किलोमीटर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या जवळजवळ दुप्पट भरते. एपकॉट शहरात वीस हजार लोक राहणार होते, मध्यवर्ती भाग छताखाली वातानुकूलित असणार होता आणि मोटारी व ट्रक जमिनीखालच्या मजल्यांवरून जाणार होते. डिसेंबर १९६६ मध्ये डिस्ने यांचे निधन झाले आणि रहिवाशांचे शहर चालवण्याची जोखीम मागे राहिलेल्यांपैकी कोणालाच पेलावीशी वाटली नाही. तरीही १९६७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने त्या शहरासाठी म्हणून जे स्वायत्त रीडी क्रीक मंडळ स्थापन केले, ते २०२३ पर्यंत टिकले. अणुऊर्जा केंद्र उभारण्याचा अधिकारही त्या कायद्याने दिला होता. तो कधी वापरला गेला नाही.

या मंडळाचे पहिले मोठे काम पाण्याचे होते. इथली जमीन म्हणजे वर वाळू, खाली चुनखडी आणि सखल भागांत कुजक्या वनस्पतींचा काळा थर, ज्याला पीट म्हणतात. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, पोकळ्या तयार होतात आणि कधीतरी वरचे छप्पर खचून विवर पडते. भूजल पृष्ठभागाच्या अगदी जवळ असल्याने खड्डा खणला की तो पाण्याने भरू लागतो. पनामा कालवा क्षेत्राचे माजी गव्हर्नर मेजर जनरल विल्यम पॉटर यांच्या देखरेखीखाली इथे कित्येक किलोमीटरचे कालवे खणण्यात आले. ते सरळसोट न ठेवता मुद्दाम वळणावळणाचे ठेवले, म्हणजे ओढ्यासारखे दिसावेत. त्यांच्यावरील दरवाजे तर दाद देण्याजोगे आहेत. त्यांना वीज लागत नाही आणि चालवणारा माणूसही लागत नाही. पाण्याची पातळी वाढली की तरंगता भाग वर उचलला जातो, त्यासरशी दार उघडते, आणि पाणी ओसरले की ते आपोआप मिटते. वादळात वीज जाते नेमकी तेव्हाच पुराचे पाणी येते, हे लक्षात घेतले तर या साधेपणाचे मोल कळते.

मॅजिक किंगडमखालचे प्रसिद्ध बोगदेसुद्धा याच पाण्यामुळे खरे बोगदे नाहीत. ते जमिनीच्या मूळ पातळीवर बांधले आणि शेजारचे सेव्हन सीज लगून हे कृत्रिम तळे खणताना निघालेली माती त्यांच्याभोवती व वर भरली. पाहुणे ज्याला जमीन समजून चालतात, तो वास्तविक वरचा मजला आहे.

याच तळ्याच्या परिसरात १९७१ च्या मूळ आराखड्यात आणखी तीन हॉटेले होती: एशियन, व्हेनिशियन आणि पर्शियन. एशियन हॉटेलसाठी तळ्यात शिरलेला चौकोनी भूखंड तयारही झाला होता. परंतु १९७३ च्या तेलटंचाईने अमेरिकेतील मोटारप्रवास आटला आणि काम थांबले. त्या भूखंडावर १९८८ मध्ये ग्रँड फ्लोरिडियन हे हॉटेल उभे राहिले. व्हेनिशियनची जागा मात्र आजही हॉटेलाविना आहे, आणि तिथली माती भार पेलण्याजोगी नसल्याचे कारण नेहमी सांगितले जाते.

ही अडचण नेमकी काय असते, ते समजून घेण्यासारखे आहे. पीटमध्ये बहुतांश पाणीच असते. त्यावर भार टाकला की स्पंज दाबावा तसे ते पाणी बाहेर पडू लागते, पण क्षणात नव्हे, तर वर्षानुवर्षे. इमारत सगळीकडून सारखी खचली असती तर एक वेळ चालले असते. मात्र थराची जाडी जागोजागी वेगळी असल्याने एक कोपरा जास्त बसतो, दुसरा कमी, आणि भिंतींना तडे जातात. त्यावर दोनच खात्रीचे उपाय आहेत. सगळा पीट उकरून त्या जागी वाळू भरावी, किंवा तो भेदून खालच्या कठीण थरापर्यंत लांब खांब ठोकावेत. १९८२ मध्ये एपकॉट हे नाव घेऊन जे उद्यान उघडले, तिथे दुसरा मार्ग पत्करावा लागला: १६५ फूट व्यासाचा तो चंदेरी गोल ज्या सहा पायांवर उभा आहे, त्यांचे खांब जमिनीत शंभर फुटांहून खोल गेले आहेत. जिथे जमीन फारच वाईट होती, तिथे शहाणपणाने इमारतीचा हट्ट सोडून तळे केले. आराखड्यावर सौंदर्यासाठी काढलेले वाटणारे पाणी अनेकदा भूगर्भशास्त्रज्ञाच्या नकाराचे चिन्ह असते.

आता रांगेचे गणित. मार्क डेव्हिस या कलाकाराने मॅजिक किंगडमसाठी वेस्टर्न रिव्हर एक्स्पिडिशन नावाची भव्य जलसफर आखली होती. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही समुद्री चाच्यांची जलसफर आधीच होती, तेव्हा फ्लोरिडात तिच्या तोडीचे पण वेगळे काही असावे, हा विचार. पाहुण्यांनी मात्र ‘आमचे पायरेट्स कुठे आहेत’ असे विचारायला सुरुवात केली आणि डिसेंबर १९७३ मध्ये पायरेट्सच आले. दोन्ही राइड होड्यांच्या, दोन्ही अजस्र आणि दोन्ही महागड्या. एकदा पहिली बांधल्यावर दुसरीचे समर्थन उरले नाही. तिच्याबरोबर योजलेली खाणीतील बेफाम आगगाडी मात्र डिस्नेचेच रचनाकार टोनी बॅक्स्टर यांनी स्वतंत्र केली आणि ‘बिग थंडर माउंटन’ म्हणून ती १९८० मध्ये फ्लोरिडात धावू लागली.

आराखडा तपासणारा अभियंता राइडच्या गोष्टीआधी एक आकडा विचारतो: तासाला माणसे किती? वीस आसनांची होडी दर ३० सेकंदांनी सुटत असेल, तर तासाला १२० होड्या आणि २४०० प्रवासी होतात. हे अंतर ४० सेकंदांवर गेले, समजा चढण्याउतरण्याला थोडा वेळ जास्त लागला, तर आकडा थेट १८०० वर घसरतो. न थांबणाऱ्या साखळीला जोडलेल्या आसनांची रचना, जी ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये दिसते, ती याचसाठी झाली, तिथे माणूस चढतो, गाडी थांबत नाही.

रांग किती लांब होईल, हे सांगणारा एक विलक्षण सोपा नियम संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. रांगेतील माणसांची सरासरी संख्या म्हणजे दर तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा सरासरी वेळ, इतकाच तो आहे. तासाला १५०० जण नेणाऱ्या राइडपुढे दोन तासांची रांग असेल, तर ३००० माणसे उभी राहण्याची सोय हवी. प्रत्येकाला अर्धा चौरस मीटर धरला तरी १५०० चौरस मीटर, तेही शक्यतो सावलीत. रांगेची ही जागा, तिच्यासाठी पंखे, स्वच्छतागृहे, बाहेर पडण्याचे मार्ग आणि ते सगळे पेलणारी घट्ट माती, हा हिशेब कल्पनाचित्रात कधीच दिसत नाही. कल्पनाचित्रात नेहमी एक कुटुंब निवांत चालत असते.

काही योजना मरत नाहीत, फक्त तंत्रज्ञानाची वाट पाहतात. अंधारात अंतराळप्रवास घडवणाऱ्या रोलरकोस्टरची कल्पना १९६० च्या दशकातली. ‘स्पेस माउंटन’ प्रत्यक्ष उघडले ते जानेवारी १९७५ मध्ये, फ्लोरिडात. अडचण डोंगराची नव्हती, एकाच वेळी अनेक गाड्या सोडण्याची होती. मार्गाचे टप्पे पाडायचे आणि एका टप्प्यात एकाहून जास्त गाडी येऊ द्यायची नाही, हे रेल्वेचे जुने तत्त्व इथेही लागू होते. म्हणून गाड्यांची संख्या टप्प्यांच्या संख्येपेक्षा कमीच ठेवावी लागते. क्षमता वाढवायची तर टप्पे लहान आणि पुष्कळ हवेत आणि प्रत्येक टप्प्यावरचे संवेदक सतत वाचून चूक दिसताच ब्रेक लावणारा, कधीही न कंटाळणारा पहारेकरी हवा. तो पहारेकरी म्हणजे संगणक.

विस्ताराच्या बाबतीत सर्वांत जास्त हळहळ मोनोरेलबद्दल ऐकू येते. १९७१ मध्ये सुरू झालेली ही गाडी १९८२ मध्ये एपकॉटपर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली. नंतर उघडलेल्या हॉलीवूड स्टुडिओज आणि अॅनिमल किंगडम या दोन्ही उद्यानांपर्यंत ती कधी गेली नाही. तिचा मार्ग म्हणजे २६ इंच रुंदीची काँक्रीटची तुळई. अशा तुळईवर स्वार झालेल्या गाडीला फाटा द्यायचा, तर रुळाचे टोक सरकवून भागत नाही, अख्खी तुळईच हलवावी लागते. त्यातून प्रत्येक खांबाखाली पुन्हा तीच माती. २०१९ मध्ये हॉलीवूड स्टुडिओज आणि एपकॉट यांना जोडायला आला तो रज्जुमार्ग, ज्याचे पाळणे स्थानकात वेगवान दोरापासून सुटतात, हळू होतात आणि पुन्हा दोर पकडतात. मनोरे दूरदूर असल्याने खालच्या पाणथळीला तो फारसा स्पर्श करत नाही. मोनोरेलचा डौल त्याला नाही, हे मान्य. पण त्या भूमीवर हेच उत्तर जास्त समंजस आहे, असे मला वाटते.

पाणथळीशी वागण्याची रीतही बदलली आहे. १९६७ मध्ये कालवे खणताना जे सहज खपून गेले, ते पुढच्या कायद्यांनी जवळजवळ अशक्य केले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भावी विस्तारासाठी दीर्घ मुदतीचा परवाना मिळवताना कंपनीला आठ हजारांहून अधिक एकरांचे एक जुने पशुपालन कुरण विकत घेऊन निसर्गसंवर्धनासाठी द्यावे लागले. आज तिथे डिस्ने विल्डरनेस प्रिझर्व्ह हे राखीव क्षेत्र आहे. जे बुजवाल त्याच्या बदल्यात दुसरीकडे जपा, असा हा हिशेब आहे. इतकी जमीन पडून असताना जुने पाडून नवे का बांधतात, या तक्रारीचे उत्तर बऱ्याच अंशी इथे मिळते: जुन्या जागेखालची माती आधीच सावरलेली असते, पाण्याच्या व विजेच्या वाहिन्या पोहोचलेल्या असतात आणि परवाना मिळालेला असतो.

अॅनिमल किंगडम १९९८ मध्ये उघडले तेव्हा खऱ्या आणि नामशेष प्राण्यांबरोबर काल्पनिक प्राण्यांचाही एक विभाग, बीस्टली किंगडम, योजलेला होता. तो झाला नाही. त्या जागी तात्पुरता म्हणून आलेला मुलांसाठीचा विभाग बरीच वर्षे टिकला आणि २०१७ मध्ये तिथे ‘अवतार’ चित्रपटातले ‘पँडोरा’ आले. उद्यानाच्या बोधचिन्हात मात्र हत्ती आणि डायनासोर यांच्या रांगेत पंख पसरलेला ड्रॅगन अजूनही आहे. वाहनतळाच्या एका भागालाही युनिकॉर्नचे नाव मिळाले होते.

जून २०२४ मध्ये रीडी क्रीकच्या जागी आलेल्या नव्या मंडळाशी कंपनीने करार केला. त्यात दहा ते वीस वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणुकीची आणि पाचव्या मोठ्या उद्यानाची मुभा आहे. प्रत्यक्षात कुदळ पडली ती जुन्याच जागी: जुलै २०२५ मध्ये मॅजिक किंगडममधील ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही कृत्रिम नदी नव्या विभागासाठी बंद झाली. अशी नदी बुजवायची म्हणजे पावसाचे जे पाणी ती सामावून घेत होती, त्याची दुसरीकडे सोय दाखवावी लागते, आणि तसे नकाशे प्रादेशिक जलव्यवस्थापन मंडळाकडे दाखल करावे लागतात. डिस्ने वर्ल्डमध्ये पुढे काय होणार याची उत्सुकता असलेले चाहते म्हणूनच कंपनीच्या घोषणांपेक्षा सांडपाणी आणि निचऱ्याचे हे रुक्ष कागद अधिक बारकाईने वाचतात.