आशाताईंना सरकारी पगार मिळतो का?
गडचिरोली-मेळघाटापासून यवतमाळपर्यंतच्या गावांत आशा स्वयंसेविकांचा संप सुरू झाला की ‘सरकारी पगार घेऊन पुन्हा मोर्चे कशाला?’ असे हमखास ऐकू येते; हा समज चुकीचा आहे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशाचे पद मानसेवी, म्हणजे पगारी नोकरी नसलेले, ठरवले गेले, त्यामुळे तिला वेतनश्रेणी नाही, कामागणिक मोबदला मिळतो. उदाहरणार्थ, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये. याशिवाय ठरावीक मासिक रक्कम मिळते, पण तीही मानधनच, पगार नव्हे. म्हणूनच २०२३च्या संपात मानधनवाढीची मागणी पुढे होती.