लाल बल्बखाली रोल धुतात? नाही हो!

परवा वसईच्या किल्ल्यात (तोच, १७३९ ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला) गळ्यात फिल्म कॅमेरा बघून एका काकांनी विचारलंच, "घरी लाल बल्ब लावून धुतोस का रे रोल?" पिक्चर बघून बघून हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, पण तसं केलं तर अख्खा रोल गेला!

लाल लाइट चालतो तो प्रिंट काढताना, कारण ब्लॅक अँड व्हाइटच्या पेपरला लाल रंग जवळपास दिसतच नाही. आपली नेहमीची फिल्म मात्र पॅनक्रोमॅटिक, लालसकट सगळे रंग टिपणारी, आणि तेच हवं ना, नाहीतर कौलं नि लाल साड्या काळ्याकुट्ट आल्या असत्या. (लाल रंग न दिसणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म अपवाद, पण ती वापरतो कोण.)

म्हणून रोल धुण्याच्या टँकमधल्या रीळावर चढवायचा तो मिट्ट काळोखात. मुंबईतल्या खोलीत तेवढा काळोख कुठला, दाराच्या फटीतून पॅसेजची ट्यूबलाइट येतेच, मग मी चेंजिंग बॅगेत (उजेड आत न येणारी काळी पिशवी) हात घालून चढवतो, मे महिन्यात घामाने फिल्म रीळाला चिकटते ते वेगळंच. टँकचं उजेड न शिरणारं झाकण लागलं की खुशाल लाइट लावा, डेव्हलपर, फिक्सर ही सगळी रसायनं उजेडातच ओततात.