पुढच्या चाकाचे बेअरिंग व सील : ब्रेक डिस्क बदलताना होणारी देखभाल

ज्या मोटारींत पुढच्या ब्रेकची डिस्क आणि चाकाचा हब एकाच ओतकामाचे असतात, तिथे डिस्क बदलायची तर हब स्टब ॲक्सलवरून (चाक ज्यावर फिरते त्या आखूड दांड्यावरून) उतरवावाच लागतो. त्यासोबत बेअरिंग बाहेर येतात आणि ग्रीस अडवणारे आतले सील सहसा काढतानाच वाकते. त्यामुळे बेअरिंग धुणे, तपासणे, ग्रीस भरणे आणि सील नवे घालणे हा डिस्कच्या कामाचाच भाग ठरतो. मागच्या चाकांना गती देणाऱ्या जुन्या मोटारी, पिकअप व हलके ट्रक यांत ही रचना सर्रास आढळते. पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक आधुनिक मोटारींत बेअरिंग सीलबंद असते आणि डिस्क हबवर नुसती बसवलेली असते. तिथे या कामाचा प्रश्नच येत नाही.

अशा हबात दोन शंक्वाकृती रोलर बेअरिंग असतात, सहसा आतले मोठे आणि बाहेरचे लहान. या प्रकारच्या बेअरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन याला १८९८ मध्ये मिळाले. रोलर तिरके असल्याने गाडीचे वजन आणि वळणावरचा आडवा जोर हे दोन्ही पेलले जातात. रोलर व त्यांना जागेवर धरणारी जाळी यांसह असलेला कोन (आतला शंकूसारखा भाग) सुटा निघतो, तर बाहेरचा कप (रोलर ज्यावर फिरतात ते कडे) हबात घट्ट ठोकलेला असतो.

कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) काढल्यावर तारेने टांगतात. ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देत नाहीत. मग धूळटोपी, स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुभंगलेली पिन), नट, वॉशर आणि बाहेरचे बेअरिंग या क्रमाने सुटतात. नट पुन्हा अर्धवट लावून हबला हिसडा दिला की आतले बेअरिंग सीलसकट निघते. युक्ती झटपट आहे, पण जाळीला मार बसतो. बेअरिंग पुन्हा वापरायचे असेल तर सील उचकटूनच काढावे.

जुने ग्रीस रॉकेलने किंवा द्रावकाने पूर्ण धुवावे लागते, कारण वेगवेगळ्या घटकांची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन गळू शकतात. कोरडे बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवू नये. जाळी फुटून रोलर उडण्याचा धोका असतो. रोलरवर खड्डे, चरे किंवा तापल्याची निळसर छटा दिसली तर कोन आणि कप जोडीनेच बदलतात. नव्या डिस्कमध्ये कप आधीच बसवलेले असतील तर त्यांत जुने कोन घालणे ही खोटी काटकसर होय, कारण जुना कोन त्याच्या जुन्या कपाशीच घासून जुळलेला असतो. कप स्वतः बसवायचा असल्यास पितळी ड्रिफ्टने (ठोकण्याच्या दांड्याने) सगळीकडून सारखा ठोकतात. तळाला टेकताच ठोक्याचा आवाज बदलतो. त्याच्यामागे कचरा राहिला तर डिस्क लचकत फिरते आणि ब्रेक दाबताना पॅडल थरथरते.

डिस्क ब्रेकच्या उष्णतेत टिकणारे, एनएलजीआय २ दर्जाचे (हे ग्रीसच्या घट्टपणाचे माप) ग्रीस वापरतात. तळहातावर ग्रीस घेऊन कोनाची रुंद कड त्यात दाबत राहायचे, दुसऱ्या कडेने ते बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत ग्रीस ठासून भरू नये. जादा ग्रीस तापून सील ओलांडते. आतले बेअरिंग ठेवून मगच सील ठोकतात, ओठ ग्रीसच्या बाजूला करून. त्या ओठावरही ग्रीसचा पातळ थर हवा.

सर्वांत जास्त चुका नट आवळताना होतात. चाकाचे बोल्ट आवळायची सवय इथे घात करते. डिस्क हाताने फिरवत नट साधारण १५ ते २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात, म्हणजे बेअरिंग जागेवर बसते. मग तो सोडून पुन्हा फक्त बोटांनी फिरेल तितकाच घट्ट करतात. पिनेचे छिद्र जुळले नाही तर नट किंचित सैल करायचा, आवळायचा नाही. स्प्लिट पिन नवीच हवी. बरेच उत्पादक बेअरिंगमध्ये ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर ढिलाई मान्य करतात. तरी त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. फार घट्ट नटाने बेअरिंग जळते, फार सैल नटाने चाक डुलते आणि सील लवकर झिजते.

नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल आणि हाताळताना लागलेले ग्रीस ब्रेक क्लीनरने पुसल्यावरच पॅड बसवतात. चाक लावून वरखाली हलवून पाहतात, आणि थोडी गाडी चालवल्यावर हब हाताला चटका देण्याइतका तापला, तर बहुधा नट पुन्हा उघडावा लागतो.