नाताळच्या खरेदीला परदेशी: गाव ठरतं कसं?

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात एक लहानशी लाकडी पेटी आहे. लंबगोल, स्प्रूसच्या लाकडाची, वरून फुलं रंगवलेली. तिच्या तळाशी मजकूर लिहिलाय: एका कुमारिकेने दुसरीसाठी ही पेटी ‘बाळाच्या बाजारा’तून पाठवली, साल १६२८. बाळ म्हणजे अर्थात बाळ येशू. न्यूरेंबर्गच्या जगप्रसिद्ध नाताळ बाजाराचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानतात. एवढ्या मोठ्या बाजाराची पहिली खूण म्हणून सनद किंवा हुकूमनामा हाती लागला नाही, कुणीतरी कुणासाठी तरी घेतलेली भेटवस्तू लागली, हे मला फार आवडतं.

आज नाताळच्या खरेदीसाठी परदेशी जायचं म्हटलं की न्यूयॉर्क की पॅरिस, व्हिएन्ना की दुबई अशी चर्चा सुरू होते. कुठली रोषणाई चांगली, कुठे बर्फ मिळेल. मागे वळून पाहिलं तर मात्र शहराच्या देखणेपणावर हा निर्णय फारसा कधी अवलंबून नव्हता. चलनाचा दर, कराची टक्केवारी, कस्टमची मर्यादा किंवा प्रवासाचं भाडं, यांत कुठेतरी फट पडायची आणि गर्दी त्या फटीतून पलीकडे जायची. फट बुजली की गाव बदलायचं.

सुरुवात परवानगीपासून झाली. मध्ययुगात बाजार भरवणं हा हक्क होता आणि तो सत्ताधीशाने द्यावा लागे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला तो १४३४ मध्ये सॅक्सनी प्रांताचा इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मत असलेला राज्यकर्ता) फ्रेडरिक दुसरा याने दिला. बाजार एका दिवसाचा आणि मुख्यतः मांसाचा. नाताळच्या आधीचे आठवडे उपासाचे असत, तो सुटला की ताटात वाढायला मांस हवं, एवढाच साधा हिशोब. तिथल्या प्रसिद्ध स्टोलन केकमध्येही तेव्हा उपासामुळे लोणी घालायला बंदी होती. तेलात केलेला तो केक कसा लागत असेल याची कल्पनाच केलेली बरी. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी पोपकडे अर्ज केले आणि अखेर १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवा याने, पैसे भरण्याच्या अटीवर, लोण्याला मोकळीक दिली. आजचा स्टोलन लोण्याने जड झालेला असतो, त्यामागे हे पत्र आहे.

पुढचं वळण धर्मसुधारणेचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रोटेस्टंट पंथ निघाला त्याचं. तोवर मुलांना भेटी मिळायच्या त्या ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी. संतपूजा त्या चळवळीचा नेता मार्टिन लूथर याला नको होती, त्यामुळे त्याच्या अनुयायांनी भेटींचा दिवस नाताळवर नेला आणि देणारा म्हणून संताच्या जागी बाळ येशू आणला. आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबूर्गने १५७० मध्ये संत निकोलसचा बाजार बंद करून त्याच जागी बाळ येशूच्या नावाचा बाजार सुरू केला. बाजार तोच, पाटी बदलली. पण भेट आणि नाताळ यांची गाठ पक्की होण्यात या पाटीबदलाचा मोठा वाटा आहे. सगळीकडे ती सारखी बसली नाही. स्पेनमध्ये मुलं अजून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणाची वाट पाहतात, म्हणून माद्रिदमधली खरेदी नाताळ उलटून गेला तरी चालूच असते. उलट जर्मनीतले बरेच बाजार २३-२४ डिसेंबरलाच आवरतात. सुट्टी मिळाली म्हणून २७ तारखेला तिथे उतरणाऱ्याला फळ्या उचलणारे कामगार तेवढे भेटतात.

गिऱ्हाईक परदेशी जायच्या कितीतरी आधी माल जाऊ लागला. सॅक्सनीच्या डोंगराळ भागातल्या खाणी ओसरल्या तसे खाणकामगार लाकूडकामाकडे वळले. झायफेन गावातले अक्रोडफोडे आणि तोंडातून धूपाचा धूर सोडणारे बाहुले ही त्या बेकारीची देणगी. थुरिंगियातल्या लाउशा गावात काचकाम करणाऱ्यांनी झाडाला टांगायचे काचेचे गोळे फुंकले, आणि १८८० च्या दशकात अमेरिकन दुकानदार एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांनी ते अमेरिकेत नेऊन भरपूर खपवले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहरांतली मोठी दुकानं हीच जत्रा होऊन बसली. न्यूयॉर्कच्या मेसीजने १८७४ मध्ये काचेमागे बाहुल्यांचे देखावे मांडले. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या व्यापाऱ्यांनी १९५४ मध्ये रस्त्यावर नाताळची रोषणाई केली, कारण महायुद्धानंतरचं लंडन फारच उदास दिसतं अशी टीका होत होती. म्हणजे ‘नाताळचं शहर’ हे चित्र तयार होतं. तिथवर पोचायची सोय तेवढी नव्हती.

सोय नव्हती याचं एक कारण पैशाचं. १९६६ मध्ये ब्रिटिश सरकारने परदेशी जाणाऱ्या माणसावर ५० पौंडांच्या परकीय चलनाची मर्यादा घातली होती. बँकेने चलन दिलं की पासपोर्टवर तशी नोंद व्हायची. त्यात हॉटेल भागवायचं, जेवायचं आणि उरलं तर मुलांसाठी काहीतरी घ्यायचं. पुढे मर्यादा सैल झाली, आणि चलनावरचं नियंत्रण १९७९ मध्ये पूर्णपणे उठलं. त्याआधी दोन वर्षं, सप्टेंबर १९७७ मध्ये, फ्रेडी लेकर यांनी लंडन ते न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ विमानसेवा ५९ पौंडांत सुरू केली होती. लेकर यांची कंपनी १९८२ मध्ये बुडाली, पण अटलांटिक ओलांडून जाणं ही चैनच असली पाहिजे, हा समज तिच्याबरोबर बुडून गेला.

अटलांटिकपलीकडच्या खरेदीचा कळस २००७ च्या नाताळात झाला. त्या नोव्हेंबरमध्ये एका पौंडाला २.१० डॉलर मिळत होते. लोक मोठ्या बॅगेत छोटी बॅग घालून, दोन्ही रिकाम्या, न्यूयॉर्कला जायचे. तिथे ११० डॉलरच्या आतल्या कपड्यावर सेल्स टॅक्स नाही, आणि ही मर्यादा बिलाला नसून प्रत्येक कपड्याला लागू, त्यामुळे स्वस्ताई आणखी स्वस्त वाटायची. घोळ व्हायचा परतताना. युरोपीय संघाबाहेरून करमुक्त आणता येणारा माल तेव्हा फक्त १४५ पौंडांचा होता, म्हणजे जेमतेम तीनशे डॉलर. आणि मर्यादा ओलांडली की कर वरच्या रकमेवर लागत नाही, त्या सगळ्या वस्तूंच्या किमतीवर लागतो. नवराबायकोच्या मर्यादांची बेरीजही करता येत नाही. वर्षभरात सगळंच उलटलं. डिसेंबर २००८ मध्ये पौंड दीड डॉलरच्या आसपास घसरला. करमुक्त मालाची मर्यादा त्याच सुमारास वाढली, पण ती वापरायला जायचं कारणच उरलं नव्हतं.

पौंडाच्या त्याच घसरणीने एक असं गाव खरेदीच्या नकाशावर आणलं, जे कुठल्याही नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापलं जाणार नाही. उत्तर आयर्लंडमधलं न्यूरी. आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सीमेला लागून असलेलं, डब्लिन ते बेलफास्ट रस्त्यावरचं. २००८ च्या डिसेंबरअखेर एक युरो जवळजवळ एका पौंडाच्या बरोबरीला आला. त्यात १ डिसेंबर या एकाच तारखेला ब्रिटनने मंदीवर उपाय म्हणून व्हॅट १७.५ वरून १५ टक्क्यांवर आणला आणि आयर्लंडने तिजोरी भरण्यासाठी २१ वरून २१.५ वर नेला. साडेसहा टक्क्यांची फट, वर चलनाची फट, आणि दोन्ही देश युरोपीय संघात असल्याने घरच्या वापराच्या वस्तूंवर सीमेवर कसलाही कर नाही. न्यूरीच्या मॉलकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा लागल्या. डिक्क्या दारू, किराणा आणि खेळण्यांनी भरून परत जायच्या. आयर्लंडचे अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांनी लोकांच्या देशप्रेमाला हात घातला. पलीकडे खरेदी करता म्हणजे तुम्ही ब्रिटनच्या राणीचा कर भरता, असं त्यांचं म्हणणं. रांगा काही कमी झाल्या नाहीत.

आयर्लंडला हे दुखणं नवं नव्हतं. १९८७ मध्ये तिथल्या सरकारने ४८ तासांचा नियम काढला होता: सीमेपलीकडे दोन दिवस राहिलात तरच करमुक्त मालाची सवलत, सकाळी जाऊन संध्याकाळी आलात तर नाही. सीमेवरच्या गावातल्या माणसाने साबण आणायला दोन दिवस मुक्काम करावा असा याचा अर्थ होता. युरोपीय न्यायालयाने १९९० मध्ये हा नियम बेकायदा ठरवला. पुढे २०१० च्या जानेवारीत ब्रिटनचा व्हॅट पुन्हा १७.५ वर गेला, आयर्लंडने आपला २१ वर आणला, आणि न्यूरीचा बहर ओसरत गेला. नाताळच्या खरेदीचं ठिकाण कशावर ठरतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही. तिथे बर्फाची वाट पाहत कुणी उभं नव्हतं.

स्विस लोकांची गोष्ट याच वळणाची. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकला युरोशी बांधून ठेवणारी मर्यादा अचानक सोडली, फ्रँक उसळला आणि सीमेला खेटून असलेलं जर्मनीतलं कोन्स्टांझ स्विस गिऱ्हाइकांनी भरलं. जर्मन व्हॅट परत मिळवायच्या हिरव्या फॉर्मवर शिक्का मारताना कस्टमचे कर्मचारी वैतागले. २०२० पासून जर्मनीने पन्नास युरोंपेक्षा लहान खरेदीवर हा परतावा बंदच केला. स्वित्झर्लंडनेही १ जानेवारी २०२५ पासून करमुक्त मालाची मर्यादा ३०० फ्रँकवरून १५० वर आणली.

इंग्लिश खाडीवर हाच खेळ बोटीतून चालला. १९९३ च्या जानेवारीत युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाली, घरच्या वापराच्या मालावर सीमेवर कर उरला नाही, आणि इंग्लंडमधले लोक नाताळची वाइन आणायला समोरच्या किनाऱ्यावरच्या फ्रान्समधल्या कॅलेला जाऊ लागले. १९९४ मध्ये खाडीखालून रेल्वे आली, मग फ्रान्समधलं लील आणि पॅरिस शनिवार-रविवारच्या टप्प्यात आलं. १९९५ मध्ये ईझीजेट ही विमान कंपनी निघाली. स्वस्त विमानांनी प्राग, बुडापेस्टसारखी शहरंही यादीत आणली. संघातल्या संघात प्रवास करणाऱ्यांची ड्यूटी फ्री दुकानं १९९९ च्या जुलैमध्ये बंद झाली, तेव्हा बोट कंपन्यांनी मोठा आरडाओरडा केला. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, काट्यांची दिशा फिरली. ब्रिटनने परदेशी पाहुण्यांना दुकानात भरलेला व्हॅट परत देणं थांबवलं. लंडनचे व्यापारी तेव्हापासून सांगताहेत की श्रीमंत गिऱ्हाईक पॅरिस आणि मिलानला जातं. उलट ब्रिटनमधल्या माणसाला फ्रान्समध्ये शंभर युरोंच्या वर खरेदी केली की व्हॅट परत मागता येतो, कारण पॅरिस त्याच्यासाठी पुन्हा खराखुरा परदेश झालं आहे. (फ्रान्सचे हिवाळी सेल मात्र कायद्याने जानेवारीत असतात. सवलतीच्या आशेने डिसेंबरात जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.)

पूर्वेकडे ही फट धोरण म्हणूनच उघडी ठेवली गेली. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाहीच. सिंगापूरने १९८४ पासून ऑर्चर्ड रोडवर नाताळची रोषणाई सुरू केली, दुबईने १९९६ मध्ये शॉपिंग फेस्टिव्हल. या शहरांनी नाताळ उसना आणला हे खरं, पण सोळाव्या शतकात स्ट्रासबूर्गने पाटी बदलली तेव्हाही हेतू काही अगदीच वेगळा नसावा.

आणि मग मोबाइल आला. न्यूयॉर्कची किंमत घरबसल्या दिसू लागली, माल दारात येऊ लागला. निव्वळ स्वस्ताईसाठी विमानात बसायची गरज बरीच संपली. नवल म्हणजे त्याच काळात लाकडी टपऱ्यांचे जुने बाजार वाढले. स्ट्रासबूर्ग १९९२ पासून स्वतःला ‘नाताळची राजधानी’ म्हणवून घेतं. इंग्लंडच्या लिंकन शहराने १९८२ मध्ये, जर्मनीतल्या जुळ्या शहराचा बाजार पाहून आल्यावर, आपला बाजार सुरू केला. चाळीस वर्षांनी, २०२२ मध्ये, चार दिवसांत तीन लाखांहून अधिक लोक आले आणि गर्दी आवरत नाही म्हणून पालिकेने तो कायमचा बंद केला. बर्लिनमध्ये २०१६ मध्ये बाजारात ट्रक घुसवून हल्ला झाला, तेव्हापासून ठिकठिकाणच्या बाजारांभोवती काँक्रीटचे अडसर असतात. लोक त्यांना वळसा घालून आत शिरतात.

या बाजारांत वस्तू स्वस्त नसतात. झायफेनचा अस्सल अक्रोडफोड्या चांगलाच महाग असतो, आणि शेजारच्या टपरीवर त्याची कारखान्यात रंगवलेली नक्कल मिळते. तरी एक वस्तू जवळजवळ प्रत्येकाच्या हातात दिसते: गरम मसालेदार वाइनचा मग. वाइनच्या किमतीबरोबर मगाचं काही युरो डिपॉझिट घेतात. मगावर त्या शहराचं चित्र, बरेचदा सालही. कुठे बुटाच्या आकाराचा, कुठे चर्च रंगवलेला. रिकामा मग परत दिला की डिपॉझिट मिळतं. बरेच लोक देत नाहीत. वाइनचे डाग पुसायला टिश्यू मागतात, मोज्यात गुंडाळतात आणि बॅगेच्या मधोमध ठेवतात.