रिकाम्या जागेचं नोबेल आणि आपल्या खाणीतली गारगोटी

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल जाहीर झालं तेव्हा साताऱ्यात आमच्या क्लासच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, "सर हे मॉफ सिलॅबसमध्ये आहे का?" नाहीये. मॉफ म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली, आतून रिकामी जाळी, आणि नोबेल मिळालं ते याच्यासाठीच, रॉबसन, कितागावा आणि याघी या तिघांना. पण गोष्ट जुनी आहे आणि तिचं एक टोक चक्क आपल्या डोंगरात आहे, म्हणून जरा लांबून सुरू करतो.

आपल्याकडे विहीर पाडताना नाहीतर खाणीत सुरुंग उडवल्यावर काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, फिक्कट गुलाबी स्फटिक निघतात, लोक सरसकट गारगोटी म्हणतात आणि टीव्हीशेजारी शोकेसमध्ये नेऊन ठेवतात. त्यातले बरेचसे झिओलाईट असतात. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असा दगड तापवला तर तो फसफसायला लागला, कारण आत पाणी, म्हणून नाव पडलं झिओलाईट, ग्रीकमध्ये उकळणारा दगड. आत सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी असते, मध्ये ठरलेल्या मापाच्या खोल्या, आणि चांगल्या झिओलाईटमधलं पाणी काढून टाकलं तरी जाळी जागची हलत नाही. अडचण एकच, आपल्याला पाहिजे तसा प्लॅन काढून हे घर बांधणं फार अवघड.

तो प्लॅन काढायची कल्पना सुचली ती एका मास्तरला, याचं मला जरा जास्तच कौतुक. मेलबर्न युनिव्हर्सिटीतले रिचर्ड रॉबसन १९७४ मध्ये पोरांना शिकवायला लाकडी गोळे-काड्यांची मॉडेलं बनवून घेत होते, गोळ्यांना भोकं कुठं पाडायची ते त्यांनीच वर्कशॉपला सांगितलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की भोकं बरोबर जागी असली की मॉडेल आपोआप बरोबर आकारात येतंय. म्हणजे नकाशा गोळ्यातच आहे! मग खऱ्या अणूंचं असं का करू नये? आता हे डोक्यात आल्यावर माणसाने लगेच करावं ना, पण तसं काय झालं नाही, दहा-बारा वर्षं कल्पना तशीच पडून. १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू जोडून हिऱ्यासारखी पण आतून मोकळी जाळी केली आणि तिच्यावर पेपर छापला. अशा जाळ्या लवकर ढासळायच्या, त्यामुळे बरेच जण म्हणाले, करायचंय काय याचं? १९९७ मध्ये जपानच्या सुसुमु कितागावांनी वाळवल्यावरही टिकणारी जाळी केली, तिच्यात मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत-बाहेर करत होते.

आणि मग ओमर याघी. १९६५ साली जॉर्डनमध्ये अम्मानला निर्वासित पॅलेस्टिनी कुटुंबात जन्म, एकच खोली, त्यातच जनावरं, लाईट नाही नळ नाही. दहाव्या वर्षी लायब्ररीत रेणूंची चित्रं बघितली आणि नाद लागला, पंधराव्या वर्षी अमेरिकेला, तिथं किराणा दुकानात पिशव्या भरत, फरशा पुसत कॉलेज केलं. पीएचडी मात्र मॉफवर नाही हं, निव्वळ अजैविक, धातू-ऑक्साईडच्या रेणूंवर, १९९० ला इलिनॉयमधून. मला वाटतं पुढचं सगळं तिथूनच आलं, कारण १९९९ च्या मॉफ-५ मध्ये कोपऱ्यावर एकटा जस्ताचा अणू नसून चार जस्त आणि एक ऑक्सिजन यांचा घट्ट गठ्ठा आहे, आणि त्यांना जोडणारी काडी टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिडची, म्हणजे पाण्याची प्लास्टिक बाटली ज्यापासून होते तेच. आतून रिकामं करून ३०० अंशांपर्यंत तापवलं तरी उभं! एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ साधारण २९०० चौरस मीटर. आपल्या हिशोबात साडेअठ्ठावीस गुंठे, एका चिमटीत. (आमच्याकडे एवढ्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात.) मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क हे नाव १९९५ मध्ये त्यांनीच रुळवलं, मॉफ त्याचंच छोटं रूप.

त्यानंतर हजारो मॉफ झाले. बंगळुरूला सी. एन. आर. राव यांच्या ग्रुपने अशा मोकळ्या जाळ्यांवर बरंच काम केलं, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही चालू आहे, आणि सांगलीकरांना आवडेल म्हणून सांगतो, हळदीतलं कुरक्युमिन जस्ताला जोडूनसुद्धा मॉफ करून झालंय.

मॉफ-५ ची गंमत अशी की दमट हवेत ते मोडतं, आपल्या जुलैत त्याचं काय खरं नाही. म्हणून पुढं झिर्कोनियम, अ‍ॅल्युमिनियम घेऊन पाण्याला न घाबरणारे मॉफ केले, आणि त्यातलाच मॉफ-३०३ हवेतली वाफ धरून पाणी देतो. हे ऐकल्यावर दुष्काळी माण तालुक्यातल्या आमच्या दाजींचा लगेच फोन, "मग टँकर बंद का?" अमेरिकेतल्या मोजावे वाळवंटातल्या प्रयोगात एक किलो मॉफमागे दिवसाला ०.७ लिटर पाणी निघालं होतं. म्हटलं दाजी, दहा हजार लिटरच्या रोजच्या एका टँकरला चौदा टनांच्या वर पावडर लागेल. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आणि ठेवायची कुठं?"