ग्लुटेन गेलं, मागे काय उरलं? पथ्याच्या पावाची पार्श्वभूमी

ग्लुटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे चिवट प्रथिन नसलेल्या, रोलचं पाकीट उलटून घटक वाचले, तर यादी बहुधा अशी असते: पाणी, टॅपिओका स्टार्च, मक्याचा स्टार्च, तांदळाचं पीठ, वनस्पती तेल, इसबगोल, साखर, यीस्ट, ई ४६४, मीठ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात. म्हणजे पाणी सोडलं तर या पावाचा मोठा वाटा पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा. यादीजवळच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यात प्रथिनं १०० ग्रॅममागे ३ ते ५ ग्रॅमच्या आसपास दिसतात. गव्हाच्या साध्या पांढऱ्या पावात ती ८-९ ग्रॅम असतात. स्निग्धांश मात्र गव्हाच्या पावात २-३ ग्रॅम, तर इथे अनेकदा त्याच्या दुप्पट. ६० ग्रॅमचा एक रोल खाल्ला तर जेमतेम अडीच ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. हे आकडे उत्पादनागणिक बदलतात आणि काही रोल याहून बरेच चांगले असतात. तरीही सर्वसाधारण चित्र वर्षानुवर्षं असंच राहिलं आहे. यात कुणा एकाचा हलगर्जीपणा आहे असं मला वाटत नाही. या पावात काय नसावं हे कळायलाच वैद्यकाला इतका काळ लागला, की काय असावं हा प्रश्न रांगेत मागे पडला.

ज्या आजारासाठी हा पाव जन्माला आला, त्या सिलिॲकची (यात ग्लुटेन खाल्ल्यानं लहान आतड्याला इजा होते) ओळख फार जुनी आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी कॅपाडोशियाच्या ॲरेटिअस या ग्रीक वैद्यानं अशा रोग्यांचं वर्णन करून ठेवलं होतं, ज्यांना खाल्लेलं अंगी लागत नाही. आधुनिक काळातलं पहिलं स्पष्ट वर्णन सॅम्युएल गी यांचं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात १८८७ मध्ये त्यांनी व्याख्यान दिलं आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. फुगलेलं पोट, सुकलेले हातपाय, फिकट पातळ शौच आणि खुंटलेली वाढ असं हे चित्र होतं. हा रोग बरा होणार असेल तर आहारानंच होईल, हे गी यांनी ठामपणे लिहिलं. डच शिंपल्यांवर ठेवलेलं एक मूल छान सुधारलं आणि शिंपल्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा खालावलं, हेही त्यांनी नोंदवलं. त्यांच्या पथ्यात तांदूळ, साबुदाणा आणि कॉर्नफ्लॉवर वर्ज्य होते. पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव मात्र चालत होता. आज ग्लुटेन-फ्री पाव ज्या वस्तूंचा बनतो त्याच नेमक्या त्यांनी काढून टाकल्या आणि जी खरी घातक होती ती ताटात ठेवली. गी यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. दिशा बरोबर असूनही मूळ कारण डोळ्यांपुढे असताना दिसत नव्हतं, इतकी ही गोष्ट अवघड होती.

पुढे १९२४ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी केळ्यांचं पथ्य सुरू केलं. पाव, बटाटे आणि सगळी धान्यं बंद, केळी मात्र भरपूर. मुलं सुधारायची आणि श्रेय केळ्यांना मिळायचं. पाव ताटातून उठल्यानं मुलं बरी होत असतील, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. हे पथ्य काही दशकं टिकलं.

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम कारेल डिके यांनी. हेग शहरातल्या ज्युलियाना बालरुग्णालयाचे ते प्रमुख होते आणि १९३०च्या दशकाच्या मध्यापासूनच गहू वगळलेल्या आहाराचे प्रयोग करत होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. ही मुलं त्या काळात बरी राहिली, आणि पाव परतल्यावर त्यांचा आजारही परतला. डिके यांना एका रात्रीत साक्षात्कार झाला अशा थाटात ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. पण त्याआधीची दहाएक वर्षांची चिकाटी त्यात झाकली जाते, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. त्यांचा प्रबंध १९५० मध्ये उट्रेख्टला सादर झाला.

पुरावा कसा गोळा झाला, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पावाचं पुढचं रूप त्यातूनच ठरलं. डिके यांच्या जोडीला वाइयर्स हे बालरोगतज्ज्ञ आणि व्हान द कामर हे रसायनतज्ज्ञ होते. शौचातला स्निग्धांश अचूक मोजण्याची पद्धत व्हान द कामर यांनी बसवली होती. मुलानं किती स्निग्ध पदार्थ खाल्ले आणि किती न पचता बाहेर पडले, याचा हिशेब ठेवायचा. मग आहारात एकेक पदार्थ घालून पाहायचा. गहू दिला की बाहेर पडणारा स्निग्धांश वाढे, राय हे गव्हासारखं धान्य दिलं की वाढे. गव्हाचं नुसतं धुतलेलं पिष्ट दिलं तर वाढत नसे. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीही हाच निष्कर्ष काढला: घातक आहे ते ग्लुटेन, पिष्ट निर्दोष आहे.

ग्लुटेन आणि पिष्ट वेगळं करण्याची युक्ती त्याआधी दोनशे वर्षं माहीत होती. इटलीतल्या बोलोन्याचे वैज्ञानिक बेक्कारी यांनी १७२८ मध्ये ती सांगितली होती. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहायचा. पाणी दुधासारखं पांढरं होत जातं, ते पिष्ट. हातात उरतो तो रबरासारखा चिवट, पिवळसर गोळा म्हणजे ग्लुटेन. बेक्कारींना हा गोळा प्राणिज पदार्थांच्या जातकुळीचा वाटला. पुढे १९व्या शतकात फ्रान्सच्या बुशार्दा यांनी मधुमेहींसाठी पिष्ट काढून टाकलेला ग्लुटेनचा पाव सुचवला. तेव्हा गव्हातला पोषक भाग म्हणून ग्लुटेनकडेच पाहिलं जाई, आणि ते चुकीचंही नव्हतं. गव्हाच्या पिठातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के ग्लुटेनमध्येच असतात.

त्यामुळे सिलिॲक रुग्णांसाठी पाव करायची वेळ आली तेव्हा हाताशी होतं ते धुऊन उरलेलं पिष्ट. सुरुवातीचे पथ्याचे पाव गव्हाच्या स्टार्चचेच असत. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ग्लुटेन-फ्री पदार्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागले. औषधाकडून जी अपेक्षा असते तीच या पावाकडून होती: त्यानं अपाय करू नये. कोडेक्स या अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा पहिला नियमही त्याच विचाराचा होता. गव्हाच्या स्टार्चमध्ये १०० ग्रॅम कोरड्या वजनामागे ०.०५ ग्रॅमपेक्षा जास्त नायट्रोजन नसावा, असं त्यात म्हटलं होतं. नायट्रोजन हे प्रथिनांचं माप. प्रथिनं जितकी कमी, तितका स्टार्च शुद्ध.

आता बेकरीतली अडचण. कणीक मळताना ग्लुटेनचं लवचिक जाळं तयार होतं, यीस्टनं सोडलेला वायू त्यात अडकतो आणि पाव फुगतो. जाळंच नसेल तर वायू निसटतो आणि हाती वीट येते. ही उणीव भरून काढायला डिंकासारखे पदार्थ लागतात. झँथन गम हा त्यांतला मोठा टप्पा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला आणि १९६९ मध्ये त्याला अन्नात वापरायची परवानगी मिळाली. ग्वार गम, इसबगोल आणि ई ४६४ म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेला एचपीएमसी हे सगळे त्याच कामाचे.

रोलच्या बाबतीत ही अडचण जास्तच बोचते. गव्हाच्या कणकेचे गोळे वळून ताटलीत ठेवले की ते आपला आकार धरतात. ग्लुटेन-फ्री मिश्रणात पाणी जवळजवळ पिठाइतकंच असतं, ते केकच्या पिठासारखं सैल असतं, म्हणून साच्यात ओतावं किंवा नळीतून सोडावं लागतं. ते नीट फुगावं, हलकं व्हावं म्हणून बारीक पांढरे स्टार्च सोयीचे पडतात. कोंड्यासकट दळलेली पिठं ते जड करतात. पिष्ट जास्त असल्यानं पाव लवकर शिळा, कोरडा आणि भुसभुशीत होतो, म्हणून तेल वाढवायचं. फिकट चव सुधारायला थोडी साखर. तक्त्यातला प्रत्येक आकडा असा एकेका तांत्रिक तडजोडीतून आलेला आहे.

याच काळात गव्हाचा पाव मात्र कायद्यानं सुधारत होता. गहू दळून पांढरं पीठ केलं की लोह आणि बी-जीवनसत्त्वं कोंड्याबरोबर जातात. ती परत घालण्याची पद्धत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये १९४०-५०च्या दशकांत रुजली. ब्रिटनमध्ये पिठात कॅल्शियमही मिसळलं जाऊ लागलं. १९९८ पासून अमेरिकेत १०० ग्रॅम समृद्ध पिठामागे १४० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सक्तीचं झालं, गर्भातल्या मज्जारज्जूचे दोष टाळण्यासाठी. हे नियम मुख्यतः गव्हाच्या पिठाला धरून होते. टॅपिओका आणि मक्याचे स्टार्च त्यांच्या कक्षेत आले नाहीत.

परिणाम दिसायला वेळ लागला. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ ट्रिशिया थॉम्पसन यांनी १९९९ आणि २००० मध्ये ग्लुटेन-फ्री पाव, पास्ता आणि सीरियल तपासून दाखवलं, की थायामिन, रायबोफ्लेविन, नायासिन, फोलेट आणि लोह यांत त्यातले अनेक पदार्थ गव्हाच्या समृद्ध पदार्थांच्या मागे आहेत. डिके यांच्या प्रबंधाला तोवर अर्धशतक होत आलं होतं.

मला यातली खरी चिंतेची गोष्ट वाटते ती अशी. सिलिॲक आजारात सर्वाधिक इजा होते लहान आतड्याच्या वरच्या भागाला, आणि लोह, फोलेट, कॅल्शियम प्रामुख्यानं तिथेच शोषले जातात. निदान होतं तेव्हा अनेकांना ॲनिमिया असतो, काहींची हाडं ठिसूळ झालेली असतात. ज्या शरीराला हे घटक सर्वांत जास्त हवेत, त्यालाच जन्मभरासाठी हे घटक कमी असलेला पाव मिळतो. इतरांना तो बदलता येतो. या रुग्णांना गव्हाकडे परतायचा मार्ग नाही.

गेल्या काही वर्षांत बदल झाला आहे, तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. इसबगोल आणि एचपीएमसीमुळे कित्येक ग्लुटेन-फ्री रोलमध्ये तंतूंचं प्रमाण आता गव्हाच्या पांढऱ्या पावाच्या बरोबरीनं किंवा त्याहून जास्त असतं. हे तंतू धान्याच्या कोंड्यासारखे नव्हेत. सोबतचं लोह, मॅग्नेशियम, झिंक त्यांच्याबरोबर येत नाही. कुट्टू, राजगिरा, क्विनोआ, ज्वारी आणि टेफ (इथिओपियातलं बारीक धान्य) यांची पिठं वापरणारे रोल खनिजांत सरस ठरतात. अंड्यातला पांढरा भाग, सोया किंवा वाटाण्याची प्रथिनं घातली की प्रथिनांची तूटही बरीच भरून निघते, आणि ग्लुटेनमध्ये मुळात कमी असलेलं लायसिन हे शरीराला आवश्यक अमिनो आम्ल त्यातून अधिक मिळतं. रक्तातली साखर किती झपाट्यानं वाढते, यात रोलारोलात खूप फरक पडतो. पिष्टाचे हलके रोल ती चटकन वाढवतात.

दरम्यान आजार नसलेले लाखो लोक हा पाव आरोग्यदायी समजून खाऊ लागले. सिलिॲक आजार साधारण १ टक्का लोकांना असतो. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ग्लुटेन कमी खाल्ल्यानं हृदयविकाराचा धोका घटल्याचं दिसलं नाही. उलट त्या भरात पूर्ण धान्यं कमी होण्याची भीती लेखकांनी व्यक्त केली. आजार नसलेल्यानं पोषणासाठी म्हणून हा रोल निवडावा, असं कारण मला तरी दिसत नाही.

कोडेक्सनं २००८ मध्ये मानक सुधारलं आणि ग्लुटेनची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमवर आणली. ती गरजेचीच होती. त्याच्या आदल्या वर्षीच एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याला इजा झाल्याचं दिसलं होतं, आणि ५० मिलिग्रॅम म्हणजे पावाचा बारीकसा तुकडा. २० मिलिग्रॅमच्या तपासणीसाठी प्रमाणित चाचणी ठरलेली आहे, आणि मर्यादा ओलांडली तर माल बाजारातून परत घ्यावा लागतो. त्याच मानकात आणखी एक कलम आहे: महत्त्वाच्या मूळ अन्नाच्या जागी येणाऱ्या ग्लुटेन-फ्री पदार्थांनी त्या अन्नाइतकीच जीवनसत्त्वं आणि खनिजं साधारणपणे पुरवावीत. या कलमासाठी ना आकडा ठरलेला आहे, ना चाचणी. काही उत्पादक स्वतःहून कॅल्शियम, लोह, नायासिन, फॉलिक ॲसिड घालतात आणि घटकांच्या यादीत तसं लिहितात. बाकीचे घालत नाहीत, आणि त्यांच्याही पाकिटावर ग्लुटेन-फ्री हा शिक्का तितक्याच ठळकपणे असतो.